ड जीवनसत्त्वाची विषबाधा: कुत्र्याने ६० हजार आययूची कॅप्सूल खाल्ली किंवा गाईला डी३ जास्त झालं तर काय करायचं

हल्ली बहुतेक घरांतल्या औषधांच्या डब्यात आठवड्याला एक घ्यायची ६०,००० आययूची (आययू हे जीवनसत्त्वाची मात्रा मोजायचं एकक) ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल, पुडी किंवा पाच मिलीची छोटी बाटली असतेच. बाटलीतलं औषध गोड, कॅप्सूल मऊ आणि आत तेल. कुत्र्याला दोन्ही आवडतात. खाल्ल्यावर कुत्रा काही तास, कधी पूर्ण दिवस ठणठणीत दिसतो, आणि घरचे ‘जीवनसत्त्वच तर आहे’ म्हणून निर्धास्त राहतात. खरं नुकसान याच वेळात ठरत असतं. रक्तातलं फॉस्फरस साधारण बारा तासांत चढू लागतं, कॅल्शियम एक ते तीन दिवसांत. उलट्या सुरू होईपर्यंत औषध पोटातून केव्हाच पुढे गेलेलं असतं. म्हणून लक्षणांची वाट न पाहता आधी पोटात किती गेलं याचा हिशोब करायचा आणि त्या आकड्यावरून पुढचं ठरवायचं.

हिशोब कसा करायचा

४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम. म्हणजेच ४०,००० आययू म्हणजे १ मिलिग्रॅम. पाकिटावरचे आययू गुणिले खाल्लेले नग, भागिले ४०,०००, हे झाले एकूण मिलिग्रॅम. त्याला जनावराच्या वजनाने (किलोत) भागा. येणारा आकडा मिग्रॅ प्रति किलो, आणि सगळे निर्णय याच आकड्यावर होतात.

६०,०००ची एक कॅप्सूल म्हणजे दीड मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसात तिचा आकडा ०.०२५ येतो. तीच कॅप्सूल तीन किलोच्या पॉमेरेनियनने खाल्ली तर ०.५, म्हणजे वीसपट. दहा किलोच्या कुत्र्यात ०.१५, तीस किलोच्या लॅब्रॅडॉरमध्ये ०.०५. लॅब्रॅडॉरने चार कॅप्सूलची अख्खी पट्टी खाल्ली तर ०.२.

कुत्र्या-मांजरांसाठी हा आकडा असा वाचायचा. ०.०५ च्या खाली सहसा काही होत नाही. झालंच तर एखादी उलटी. ०.०५ ते ०.१ च्या दरम्यान डॉक्टरांना फोन करून विचारा आणि पुढचे तीन दिवस लक्ष ठेवा. ०.१ पासून पुढे रक्तातलं कॅल्शियम वाढण्याचा धोका खरा आहे, लगेच दवाखाना गाठा. ०.५ आणि त्यापुढे किडनीला इजा होण्याची भीती असते. तिथे भरती करून उपचार लागतात, कुत्रा कितीही खेळता दिसला तरी. पिल्लं, म्हातारी जनावरं आणि आधीपासून किडनीचा आजार असलेली जनावरं यांना एक पायरी वरच्या गटात धरा.

वजन माहीत नसेल तर कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा आणि मग तुमचं एकट्याचं वजन वजा करा. किती नग खाल्ले हे नक्की नसेल तर घरात जे सापडत नाही ते सगळं पोटात गेलं असं धरायचं. दोन कुत्रे असतील तर प्रत्येकाने एकट्याने सगळं खाल्लं असं समजून दोघांचा वेगवेगळा हिशोब करायचा. यात जास्तीत जास्त एक फेरी फुकट जाईल, पण आकडा कमी धरल्याने होणारं नुकसान भरून येत नाही.

काही वेळा हाच हिशोब धीर देतो. कॅल्शियमच्या साध्या गोळीत ५०० मिग्रॅ कॅल्शियम आणि २५० आययू ड असेल, तर तीस गोळ्यांत मिळून ७,५०० आययू, म्हणजे जेमतेम ०.१९ मिग्रॅ. दहा किलोच्या कुत्र्यात आकडा ०.०२ च्याही खाली राहतो. उलट्या किंवा बद्धकोष्ठ होईल ते कॅल्शियममुळे. बाळांसाठीच्या थेंबांची ३० मिलीची बाटली (मिलीला ४०० आययू) म्हणजे १२,००० आययू, ०.३ मिग्रॅ. दहा किलोच्या कुत्र्याला चिंता नाही, पण दोन किलोच्या मांजराच्या पिल्लात तोच आकडा ०.१५ होतो.

लेबल वाचताना आणखी एक गोष्ट तपासा. बिनसाखरेच्या चघळायच्या गोळ्यांत किंवा द्रव औषधात झायलिटॉल असेल तर ते कुत्र्यासाठी स्वतंत्र विष आहे. त्याने अर्ध्या तासातही रक्तातली साखर कोसळू शकते. तसं असेल तर हिशोब करत बसू नका, निघा.

जिथे ४० चा नियम चालत नाही

वरचा हिशोब फक्त ड जीवनसत्त्वाच्या साध्या रूपांसाठी, म्हणजे डी३ (कोलेकॅल्सिफेरॉल) आणि डी२ साठी. कॅल्सिट्रायॉल आणि अल्फाकॅल्सिडॉल ही तयार रूपं आहेत, शरीराला त्यांच्यावर फारशी प्रक्रिया करावी लागत नाही, आणि त्यांच्या कॅप्सूल पाव मायक्रोग्रॅमच्या असतात. किडनीच्या किंवा हाडांच्या रुग्णांच्या घरी त्या सापडतात. त्या खाल्ल्या असतील तर मिलिग्रॅमचा आकडा छोटा दिसतो म्हणून फसू नका, थेट दवाखाना.

सगळ्यात दुर्लक्षित राहते ती सोरायसिसच्या मलमाची ट्यूब. कॅल्सिपोट्रायॉल हेही ड जीवनसत्त्वाचंच भावंड. मलमाच्या एका ग्रॅममध्ये ते ५० मायक्रोग्रॅम असतं आणि कुत्र्यात किलोला १० मायक्रोग्रॅमपासून त्रास सुरू होतो. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दोन ग्रॅम मलम पुरे. तीस ग्रॅमची अर्धी ट्यूब चावून खाल्ली तर जीव जाऊ शकतो. मलम लावलेला हात-पाय चाटू देणं हेही बंद करायला हवं. घरात कुणी हे मलम वापरत असेल तर लावल्यावर कापडाने झाका आणि ट्यूब कपाटात ठेवा, पलंगाशेजारच्या टेबलावर नाही.

घरी काय करायचं नाही

‘विष खाल्लं, दूध पाजा’ हा सल्ला आपल्याकडे शेजारी-पाजारी पहिल्या मिनिटाला देतात. या विषबाधेत तो उलटा पडतो. दुधात कॅल्शियमही आहे आणि फॉस्फरसही, शिवाय स्निग्धांश चरबीत विरघळणारं ड जीवनसत्त्व शोषायला मदत करतो. तूप आणि तेलही त्याच कारणाने नको. दूध, ताक, दही, पनीर, हाडं, अंड्याचं कवच, सगळं त्या क्षणापासून बंद.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. त्यातून रक्तातलं सोडियम वाढून मेंदूला सूज येते आणि कुत्रा मिठानेच दगावू शकतो. घशात बोट घालणं, मोहरी पाजणं यानेही काही साधत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड डॉक्टरांनी फोनवर मात्रा सांगितली तरच, तेही तीन टक्क्यांचं आणि फक्त कुत्र्याला. मांजराला कधीच नाही. त्याच्या पोटात त्याने रक्तस्राव होतो. पग, बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या जाती, गुंगीत असलेलं जनावर किंवा आधीच उलट्या करत असलेलं जनावर यांना घरी उलटी करवायचीच नाही, कारण ती फुफ्फुसात जाऊ शकते.

माणसांच्या पोटातल्या गॅसवरच्या चारकोलच्या गोळ्याही कामाच्या नाहीत. दहा किलोच्या कुत्र्याला निदान दहा ग्रॅम अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल (विष शोषून घेणारा कोळसा) लागतो. २५० मिग्रॅच्या चाळीस गोळ्या कोणी खाऊ घालणार नाही, आणि जबरदस्ती केली तर त्या श्वासनलिकेत जातील.

करायचं ते एवढंच: उरलेलं औषध, पाकीट, पट्टी पिशवीत घाला. खाल्ल्याची अंदाजे वेळ कागदावर लिहा. प्यायला साधं पाणी मोकळं ठेवा. डॉक्टरांना फोन करून ‘ड जीवनसत्त्व, इतके मिग्रॅ प्रति किलो, इतक्या वाजता’ असं एका वाक्यात सांगा. रात्री-अपरात्री शहरातला चोवीस तासांचा दवाखाना आधीच माहीत असलेला बरा. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं जवळच्या लोकांना उपयोगी पडतात.

दवाखान्यात काय व्हायला हवं

औषधांच्या मात्रा खाली दिल्या आहेत त्या पशुवैद्यांसाठी आणि त्यांच्याशी समजून बोलता यावं म्हणून. घरी वापरण्यासाठी नाहीत.

खाऊन दोन तासांच्या आत असेल तर उलटी करवणं सगळ्यात फायद्याचं. पट्टीसकट खाल्लेल्या कॅप्सूल पोटात जास्त वेळ पडून राहतात, तेव्हा चार तासांपर्यंतही प्रयत्न करण्यासारखा असतो. कुत्र्याला अ‍ॅपोमॉर्फिन, मांजराला झायलाझिन किंवा डेक्समेडिटोमिडिन. त्यानंतर अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल किलोला १ ते २ ग्रॅम, आणि पुढे दर सहा ते आठ तासांनी निम्म्या मात्रेत एक-दोन दिवस. पुन्हा पुन्हा का, तर ड जीवनसत्त्व पित्तातून आतड्यात उतरतं आणि तिथून परत शोषलं जातं. चारकोल ते चक्र तोडतो. मात्र त्यामुळे शरीरातलं पाणी ओढलं जाऊन सोडियम वाढू शकतं, म्हणून तेही तपासत राहायला लागतं. कोलेस्टिरामिन मिळत असेल तर किलोला ०.३ ते ०.५ ग्रॅम दिवसातून तीनदा, चार दिवस. तेही हेच चक्र तोडतं.

पहिला रक्ताचा नमुना आल्याबरोबर घ्यायचा: कॅल्शियम, फॉस्फरस, युरिया, क्रिएटिनिन. यात एक चूक वारंवार होते. सीबीसीसाठी घेतलेल्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं आणि ते कॅल्शियमला बांधून टाकतं. त्या नळीतून मोजलेलं कॅल्शियम खोटं कमी येतं. साध्या लाल झाकणाच्या किंवा जेलच्या पिवळ्या झाकणाच्या नळीतलंच सिरम वापरा. आयोनाइज्ड कॅल्शियम मोजायची सोय असेल तर ते जास्त भरवशाचं.

पहिला रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून घरी सोडू नका. विषाचा परिणाम अजून वर यायचा असतो. २४, ४८, ७२ आणि ९६ तासांनी पुन्हा तपासणी, हा किमान क्रम. चार दिवस सगळं नॉर्मल राहिलं तर मात्र सुटलात.

पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्यात कॅल्शियम १२ मिग्रॅ प्रति डेसीलिटरच्या वर गेलं की सावध. त्याहून उपयोगी आकडा म्हणजे कॅल्शियम गुणिले फॉस्फरस. हा गुणाकार ६० च्या पुढे गेला की किडनी, हृदय, रक्तवाहिन्या, जठराचं अस्तर आणि फुफ्फुसांत चुन्याचे थर बसू लागतात. कॅल्शियम १३ आणि फॉस्फरस ६.५ असेल तर गुणाकार ८४.५, म्हणजे तातडीची परिस्थिती. वाढत्या पिल्लात फॉस्फरस मुळातच जास्त असतं, तिथे हा गुणाकार जपून वाचायचा. रिपोर्ट मिलिमोलमध्ये असेल तर कॅल्शियमचा आकडा चारने गुणा.

सलाईन कोणतं, हा प्रश्न नातेवाइकांनीही विचारावा असा आहे. रिंगर लॅक्टेट लावायचं नाही, त्यात कॅल्शियम असतं. इथे ०.९ टक्के नॉर्मल सलाईनच हवं: त्यातलं सोडियम किडनीतून बाहेर पडताना कॅल्शियमलाही सोबत नेतं. रोजच्या गरजेच्या दोन ते तीनपट, म्हणजे किलोला साधारण १२० ते १८० मिली दिवसाला. दहा किलोच्या कुत्र्याला सव्वा ते पावणेदोन लिटर. हृदयाचा आजार असेल तर कमी, आणि श्वासावर नजर ठेवून. अंगात पाणी पुरेसं भरल्यावरच फ्युरोसेमाइड, किलोला २.५ ते ४.५ मिग्रॅ दर सहा ते आठ तासांनी. थायझाइड गटातली लघवीची औषधं मात्र नकोत, ती कॅल्शियम धरून ठेवतात. प्रेडनिसोलोन किलोला २ ते ३ मिग्रॅ दिवसातून दोनदा: आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, लघवीतून जास्त जातं. फॉस्फरस बांधायला अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड अन्नासोबत. कॅल्शियमचे क्षार असलेली फॉस्फरस-बांधणारी औषधं इथे वापरायची नाहीत.

एवढं करूनही कॅल्शियम चढतच असेल तर पॅमिड्रोनेट, किलोला १.३ ते २ मिग्रॅ, नॉर्मल सलाईनमध्ये मिसळून दोन तासांत शिरेतून हळू. ते हाडांतून कॅल्शियम सुटणं थांबवतं आणि एका डोसचा परिणाम बरेच दिवस टिकतो. माणसांच्या कॅन्सरवरच्या औषधांच्या दुकानांत ते मिळतं. महाग आहे, पण आठवडाभराच्या भरतीचा खर्च पाहिला तर लवकर दिलेलं पॅमिड्रोनेट बहुतेकदा स्वस्तच पडतं. सामन माशाचं कॅल्सिटोनिन (कॅल्शियम उतरवणारं हार्मोन) हा दुसरा पर्याय. दोन्ही एकत्र देऊ नयेत.

काय खाल्लं हे कुणालाच माहीत नाही आणि कॅल्शियम वाढलेलं आहे, अशा वेळी प्रेडनिसोलोनची घाई करू नका. कुत्र्यात कॅल्शियम वाढण्याचं मोठं कारण लिम्फोमा हा कॅन्सर आहे आणि स्टिरॉइडने त्याचं निदान झाकलं जातं. आधी गाठी आणि गुदद्वाराजवळच्या ग्रंथी तपासा, नमुने घ्या. ड जीवनसत्त्वाच्या विषबाधेत कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही चढतात आणि पॅराथायरॉइड हार्मोन (रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं) दबलेलं असतं. लिम्फोमात किडनी बिघडेपर्यंत फॉस्फरस सहसा चढत नाही. माणसांच्या लॅबमधली २५-हायड्रॉक्सी ड ची चाचणी पुराव्यासाठी करता येते. रिपोर्टवरची ‘नॉर्मल’ मर्यादा माणसाची असते हे ध्यानात ठेवायचं. सोरायसिसचं मलम किंवा कॅल्सिट्रायॉल या चाचणीत दिसत नाही.

घरी आणल्यावर

ड जीवनसत्त्व चरबीत साठतं आणि यकृताने बनवलेलं त्याचं रूप रक्तात आठवडेच्या आठवडे फिरत राहतं. त्यामुळे सलाईन काढल्यावर कॅल्शियम पुन्हा चढणं अगदी नेहमीचं आहे. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा, नंतर आणखी दोन आठवडे आठवड्यातून एकदा रक्त तपासा. प्रेडनिसोलोन एकदम बंद करायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं उतरवत आणायचं. खायला महिनाभर भात आणि बिनहाडाचं उकडलेलं चिकन. पिल्लू असेल तर किती दिवस हे डॉक्टरांना विचारून. पाणी जास्त पिणं, लघवी वाढणं, खाणं टाकणं, शौचाला कडक होणं, उलटीत रक्त, यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता रक्त तपासा.

काही जण कुत्र्याला उन्हातही नेऊ नका सांगतात. कुत्रा आणि मांजर यांच्या त्वचेत उन्हाने ड जीवनसत्त्व जवळपास तयारच होत नाही, ते त्यांना अन्नातूनच मिळतं. तेव्हा अंगणात बसल्याने विषबाधा वाढत नाही. गाईगुरांचं तसं नाही, त्यांना सावलीत बांधणं योग्य.

वाकड्या पायांचं पिल्लू आणि सहा लाखांचं इंजेक्शन

लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींच्या पिल्लांचे पाय वाकले की ‘मुडदूस झालाय’ म्हणून माणसांचं ६ लाख आययूचं इंजेक्शन टोचलं जातं. ६ लाख आययू म्हणजे १५ मिग्रॅ. पाच किलोच्या पिल्लात आकडा ३ येतो, धोक्याच्या रेषेच्या तीसपट. तोंडावाटे गेलेलं निदान उलटीने काढता येतं. स्नायूत टोचलेलं तेल आठवडेभर झिरपत राहतं आणि त्याला बाहेर काढायचा कुठलाच मार्ग नाही.

यातल्या बहुतेक पिल्लांना ड ची कमतरता नसतेच. भात आणि बिनहाडाचं मटण-चिकन एवढ्यावर वाढवलेल्या पिल्लाला फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ शून्य मिळतं, मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं आणि पाय वाकतात. उपाय म्हणजे पिल्लांसाठीचा संतुलित आहार, डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात. तयार संतुलित खाद्य चालू असेल तर वरून कॅल्शियमचं सिरप, कॉड लिव्हर ऑइल, ड चे थेंब काहीही नको. कुत्र्याच्या खाद्यात कोरड्या वजनाच्या किलोला ५०० ते ३,००० आययू ड असावं असं अमेरिकी मानक आहे. गरज आणि मर्यादा यांत फक्त सहापट अंतर आहे.

तयार खाद्यातही गफलत होते. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) २०१८ च्या अखेरीस कोरड्या खाद्याच्या काही कंपन्यांच्या मालाबाबत इशारा दिला होता. काही नमुन्यांत ड अपेक्षेच्या सुमारे ७० पट निघालं. नवीन पोतं उघडल्यापासून घरातल्या दोन-तीन कुत्र्यांना एकदम उलट्या आणि तहान सुरू झाली, तर खाद्य थांबवा आणि बॅच क्रमांकासह पोतं जपून ठेवा.

गोठ्यात

दुधाच्या तापाच्या (विताना रक्तातलं कॅल्शियम घसरून गाय बसते त्या आजाराच्या) धास्तीने गाभण गाईला डी३ देण्याची पद्धत जुनी आहे. व्यायच्या साधारण आठ दिवस आधी १ कोटी आययूचं एकच इंजेक्शन, असा तो प्रघात. अडचण ही की उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फारच कमी. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जर्सी गाईंना दीड ते पावणेदोन कोटी आययू टोचले होते. न गाभण, न दुभत्या गाईंना काही झालं नाही. गाभण सतरापैकी दहा मेल्या. म्हणजे ज्या जनावराला आपण हे औषध देतो, नेमकं तेच सगळ्यात नाजूक असतं.

व्यायची तारीख चुकली की हा खेळ बिघडतो. गाय ठरल्या दिवशी विली नाही, पुन्हा इंजेक्शन; तरी विली नाही, आणखी एक. म्हणून रेतनाची तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा (गाय साधारण २८० दिवस, म्हैस ३१०), आणि तारीख नक्की नसेल तर डी३ चं मोठं इंजेक्शन देऊच नका. दुधाचा ताप टाळायला व्यायच्या आधीचे तीन आठवडे लसूणघास आणि जास्तीचं कॅल्शियम बंद ठेवणं, पशुवैद्यांच्या सल्ल्याने अ‍ॅनायोनिक क्षार देणं, हे मार्ग जास्त सुरक्षित आहेत.

बेरीज चुकते ती वेगवेगळ्या बाटल्यांमुळे. डेअरीतून आलेलं पातळ कॅल्शियम, मेडिकलमधून आणलेलं खनिज मिश्रण, चाटण विट, तयार पशुखाद्य आणि वर एडीथ्रीई चं (अ, डी३ आणि ई जीवनसत्त्वांचं) इंजेक्शन: प्रत्येकात डी३ आहे आणि प्रत्येक जण आपल्यापुरतीच मात्रा सांगतो. सगळ्या लेबलांवरचे आययू एका कागदावर लिहून रोजची बेरीज करा. ४०० किलोच्या गाईची दिवसाची गरज साधारण १२,००० आययू, आणि उन्हात चरणारी गाय त्यातलं बरंचसं स्वतःच बनवते. दोन महिन्यांहून जास्त काळ द्यायचं असेल तर सुक्या चाऱ्या-खुराकाच्या किलोला २,२०० आययू ही वरची मर्यादा मानली जाते. १२ किलो सुकं खाणाऱ्या गाईला दिवसाला सुमारे २६,०००. एका मिलीत २५,००० आययू असलेल्या इंजेक्शनची १० मिलीची बाटली म्हणजे एका फटक्यात अडीच लाख. एकदा दिलं तर गाय ते पचवते. दर आठवड्याला ‘ताकदीसाठी’ देत राहिलात तर साठत जातं.

बाधलेली गाय हळूहळू खाणं सोडते, दूध आटतं, वजन उतरतं, पाणी जास्त पिते, चाल ताठर होते, पाठीला कमान येते, हृदयाचे ठोके वाढतात. ती बसली की घरोघरी होते ती चूक फार महागात पडते: दुधाचा ताप समजून कॅल्शियमची बाटली शिरेतून सोडणं. आधीच कॅल्शियम चढलेल्या गाईचं हृदय त्याने बंद पडू शकतं. दुधाचा ताप सहसा विल्यावर तीन दिवसांच्या आत येतो, कान गार पडतात, मान कुशीकडे वळते. आठवडेभर खंगत आलेली, आधी डी३ चे डोस झालेली गाय बसली तर कॅल्शियम लावण्यापूर्वी रक्त तपासा. पशुवैद्य जवळ नसतील तर १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. बोलताना कोणतं इंजेक्शन, किती, कोणत्या तारखेला हे आधी सांगा.

उपचारात डी३ चे सगळे स्रोत बंद, लसूणघास आणि बरसीम बंद, ज्वारीचा कडबा आणि मक्याचा चारा सुरू, बांधायचं सावलीत, पाणी भरपूर, नॉर्मल सलाईन पशुवैद्यांच्या हातून. हृदय आणि किडनीत चुना बसला असेल तर गाय वाचली तरी दुधाला पूर्वीसारखी येत नाही, हे मालकाला आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं. मेलेल्या जनावराची महाधमनी उघडली तर आतून पांढरी आणि कडक दिसते, किडनीवर सुरी फिरवली की खरखर लागते. अशा जनावराचं यकृत-किडनी कुत्र्यांनाही घालू नका, जीवनसत्त्व तिथे साठलेलं असतं. दूध वापरायचं की नाही हे पशुवैद्यांना विचारूनच.

कोंबड्यांचं खाद्य मिसळताना

डी३-५०० पावडरच्या एका ग्रॅममध्ये ५ लाख आययू असतात. किलोला २,५०० आययू हवे असतील तर एक टन खाद्याला २५ लाख आययू, म्हणजे फक्त ५ ग्रॅम पावडर. इथे शून्य चुकून ५० ग्रॅम पडली की किलोला २५,००० होतात. कोंबड्यांसाठी थोड्या दिवसांची मर्यादा ४०,००० आणि दीर्घकाळाची २,८०० मानतात, म्हणजे ती चूक एका पोत्यापुरती राहिली तर चालून जाईल, पण बॅचमागून बॅच झाली तर किडन्या जातील. विष्ठा पाणीदार होते, पक्षी खाणं टाकतात, मेलेल्या पक्ष्यात पांढरा युरेट (युरिक आम्लाचा खडूसारखा थर) दिसतो.

ग्रॅमचा डिजिटल काटा वापरा. पावडर थेट टनात टाकू नका; आधी एक किलो भरड्यात, ते दहा किलोत, मग मिक्सरमध्ये. मोजणारा एक आणि वहीत आकडा तपासणारा दुसरा असावा. पिंजऱ्यातल्या पोपटांत मकाव जातीला ड जास्त झालेलं विशेष सोसत नाही, म्हणून त्यांना कोंबड्यांचं खाद्य किंवा थेंब देऊ नका.

झाड आणि उंदराचं औषध

बागेत ‘दिन का राजा’ म्हणून लावतात त्या झुडपाच्या पानांत कॅल्सिट्रायॉल साखरेला जोडलेल्या रूपात असतं. रातराणीचं हे भावंड. फुलं पांढरी पण सुगंध दिवसा, आणि फळं पिकल्यावर काळपट जांभळी. अमेरिकेत फ्लोरिडात त्याने घोडे आणि गाईंच्या रक्तवाहिन्या कडक झाल्याचं १९७० च्या दशकात लक्षात आलं. कुंपण छाटल्यावर त्याच्या फांद्या शेळ्या-गाईंपुढे टाकू नका. वाळलेली पानंही तितकीच वाईट.

उंदराच्या औषधाचं पाकीट मात्र नीट वाचा. आपल्याकडे मुख्यतः झिंक फॉस्फाइड आणि ब्रोमॅडिओलोन मिळतं आणि त्यांचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. अमेरिकेत राहणाऱ्यांना ०.०७५ टक्के कोलेकॅल्सिफेरॉलचं, म्हणजे डी३ चंच, आमिष दुकानात सहज दिसतं. एका ग्रॅममध्ये पाऊण मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दीड ग्रॅमही पुरतं. ब्रोमॅडिओलोनवर चालणारं के१ जीवनसत्त्व इथे काहीच करत नाही. डॉक्टरांकडे जाताना आमिषाचं पाकीटच सोबत न्या. ‘उंदराचं औषध’ एवढंच सांगितलं तर चुकीचा उपचार सुरू होऊन पहिले दोन तास हातचे जातात.